अंतर किती?

नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील दोन मोठी शहरे. दोन्ही ठिकाणी विमानतळ आहेत. समजा, एका विमानतळावरून दुसऱ्यावर उडत जावयाचे ठरविले, तर वेळ किती लागेल? मुख्याध्यापक असताना हा प्रश्न मी मुलांना मुद्दाम घालीत असे. कारण दिसतो तितका तो सोपा नाही.

नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर सरळ रेषेतील हे अंतर सुमारे १२५ किलोमीटर भरते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ते तोडावयास १५ मिनिटे पुरतील. मुले हे उत्तर चटकन देत. पण विमान जमीन सोडताच पूर्ण वेग घेत नाही. त्याला वर चढावे लागते, दिशा धरावी लागते आणि पुढे वेग आवरून खाली उतरावे लागते. हे सारे धरले, की १५ मिनिटांचा अर्धा तास होतो.

तरीही हिशेब पुरा होत नाही. विमान सुटण्यापूर्वी तासभर तरी आधी पोहोचावे लागते. सामानाची आणि माणसांची तपासणी होते. लातूरचा विमानतळ शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरांवर आहे. तेथून गावात यावयास पुन्हा वाहन हवे. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंत मोजले, तर अडीच तास सहज निघून जातात. एस.टी.ची गाडी हाच प्रवास साधारण तीन तासांत करते! आकाशात मिळविलेला वेळ जमिनीवर खर्ची पडतो.

मग विमान निरुपयोगी म्हणावे काय? मुळीच नाही. दिल्ली नांदेडच्या जवळजवळ सरळ उत्तरेस, हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. रेल्वेने तेथे जावयास सुमारे एक दिवस लागतो. विमान दोन-अडीच तासांत पोहोचते. तपासणीचा तास येथेही तेवढाच. परंतु एवढ्या मोठ्या बचतीपुढे तो जाणवत नाही. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे गुरुग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या घटनेची त्रिशताब्दी २००८ साली साजरी झाली, तेव्हा नांदेडच्या विमानतळाचे नूतनीकरण झाले. दूरदेशीच्या यात्रेकरूंना त्याचे मोल ठाऊक आहे.

आता जमिनीवरची वाट पाहा. नांदेडहून निघालेली गाडी गोदावरी ओलांडते आणि लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत बालाघाटाच्या पठारावर येते. लातूर नांदेडपेक्षा सुमारे २५० मीटर उंच आहे. वाटेत प्रत्येक थांब्यावर कोणी चढते, कोणी उतरते. त्यांत शाळेला निघालेली मुलगी असते, दवाखान्यात जाणारी आजी असते, बाजारचे गाठोडे सांभाळणारा शेतकरी असतो. विमान यांच्या डोक्यांवरून निघून जाईल. यांच्यासाठी ते वाटेत उतरणार नाही.

त्या मुलीचे अंतर विमानतळापासून नव्हे, तिच्या गावच्या फाट्यापासून सुरू होते. गाडी वेळेवर आली, तर वीस किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाची वाट. गाडी आलीच नाही, तर तेच वीस किलोमीटर तिच्या शाळेचा एक दिवस गिळून टाकतात. नकाशावरील पट्टीला हे दिसत नाही.

म्हणून, मुलांनो, कोणी तुम्हांस अंतराचा आकडा सांगितला, तर तो अवश्य वहीत टिपून ठेवा. पण त्याबरोबर दोन प्रश्नही विचारा. हे अंतर कोठून कोठपर्यंत मोजले? आणि कोणासाठी मोजले?