गिरमिटाचा नाच

मैत्रिणींनो, 'डांगडुट' हा शब्द एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. घरात कुणी नसताना म्हटलात तरी चालेल! ढोलकीवर एक थाप 'डांग' अशी पडते आणि पाठोपाठ दुसरी 'डुट'. इंडोनेशियातल्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांना त्या आवाजावरूनच हे नाव पडलं, आणि तेही शिष्ट मंडळींनी नाक मुरडत ठेवलेलं. आपल्या कानांना मात्र ती ढोलकी परकी वाटत नाही. कशी वाटेल? १९५०च्या दशकापासून तिथं हिंदी सिनेमे आवडीनं पाहिले गेले, आणि तिथल्या मलय वाद्यवृंदांनी त्यांतल्या चाली, बासरी, तबल्याचे बोल उचलून आपल्यात मुरवून घेतले. एलिया खादम या गायिकेच्या एका गाजलेल्या गाण्याचं नावच मुळी 'भारतातली बाहुली' असं आहे!

आमच्या ह्यांच्या कापडगिरणीतल्या नोकरीमुळं २००२ ते २००६ अशी चार वर्षं मी जावा बेटावर, बांडुंगजवळ संसार केला. घरी कामाला येणाऱ्या बाईंना मी 'तेतेह' म्हणायची. तिकडच्या सुंदा भाषेत ताईला तेतेह म्हणतात. दुपारी त्या इस्त्री करायच्या, मी भाजी निवडायची, आणि समोर टीव्हीवर डांगडुट. तिथली भाषा मी पुस्तकातून कमी आणि या गाण्यांतून जास्त शिकले.

डांगडुटचे राजे म्हणजे रोमा इरामा. राजे हे मी म्हणत नाही, सगळा देश म्हणतो. १९७०च्या दशकात त्यांनी या संगीतात इलेक्ट्रिक गिटार आणली, वर धर्माचा नि नीतीचा उपदेश घातला आणि गल्लीतल्या गाण्याला मानाची जागा मिळवून दिली. एल्वी सुकाएसिह ही राणी. सगळं कसं रांगेला लागलेलं होतं.

आणि मग २००३ साली इनुल आली. इनुल दारातिस्ता, पूर्व जावातल्या पासुरुआनकडची मुलगी, वयानं चोविशीच्या आतबाहेर. लग्नकार्यात, गावच्या कार्यक्रमांत गाणारी. कुणीतरी तिच्या नाचाच्या चोरट्या व्हीसीडी काढल्या आणि त्या बाजारोबाजारी विकल्या गेल्या. तिच्या नाचाला लोकांनी नाव दिलं 'गोयांग न्गेबोर'. सुताराचं गिरमिट लाकडात कसं गरगरत जातं? कमरेची ती गत! अंगभर कपडे घालून नाचायची हो ती, पण गहजब झाला. धर्मपंडित चिडले. रोमा इरामांनी तर आपली गाणी तिनं गायची नाहीत असं बजावलं. टीव्हीवर तिला रडताना साऱ्या देशानं पाहिलं. तिच्या बाजूनं बोलायला उभे राहिले ते माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, आणि ते स्वतः मोठे धर्मपंडित होते, हे विशेष.

आमच्या तेतेह डोक्याला रुमाल बांधणाऱ्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या. मला वाटलं, त्या नावं ठेवतील. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, गावात अशाच नाचतात सगळ्या. तेव्हा पाहायला हेच पुरुष पुढं बसतात. आता ती पैसे मिळवायला लागली, तेव्हा यांना धर्म आठवला."

खरं सांगू? मी काहीच बोलू शकले नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला मी लावणी केली होती. नऊवारी, चाळ, सगळा थाट. लग्न ठरताना पाहुण्यांना अल्बम दाखवायच्या आधी तो फोटो घरातल्या कुणीतरी काढून ठेवला. कुणी रागावलं नाही, कुणी समजावलंही नाही. पानावर चार चिकटवलेले कोपरे तेवढे राहिले. मंगळागौरीत रात्रभर फुगड्या घातल्या तर कौतुक, आणि तीच कंबर स्टेजवर हलली की 'चांगल्या घरच्या मुली' आठवतात. तुमच्याही अल्बमात असे रिकामे कोपरे असतील की!

बरं, चांगली बाई कुठली, हेही मुलुखागणिक बदलतं बरं का. २०१४ साली आपली हिंदी 'महाभारत' मालिका तिकडच्या एएनटीव्हीवर लागली आणि अर्जुन झालेल्या शाहीर शेखला तिथं प्रचंड चाहते मिळाले. तेतेहचा फोन आला, त्या गोंधळलेल्या. कारण जावाच्या बाहुल्यांच्या खेळात द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको, आणि शिखंडी म्हणजे 'स्रिकांदी' ही धनुर्धारी स्त्री, अर्जुनाची पत्नी! पाच नवरे ऐकून त्या हसूनहसून म्हणाल्या, "एकाचीच इस्त्री पुरे होत नाही!"

इनुलचा वाद मात्र तिच्यापाशी थांबला नाही. अश्लीलतेविरुद्धच्या कायद्याची चर्चा वर्षानुवर्षं पेटत राहिली, बायका बाजूनं आणि विरोधात अशा दोन्हीकडून रस्त्यावर उतरल्या, आणि २००८ साली तो कायदा झालाच. तरी डांगडुट काही आटलं नाही. २०१८ साली जाकार्तात एशियाडचं उद्घाटन झालं, तेव्हा गायला उभी राहिली विया वालेन. तीही पूर्व जावाची, तीही डांगडुटवाली. त्याच वर्षी एका फुटबॉलपटूनं पाठवलेला गलिच्छ निरोप तिनं चारचौघांत उघड केला, तर काहींनी उलट तिलाच बोल लावले. हे वाचून तुम्हांला नवल वाटणार नाही, मला माहीत आहे.

आणि इनुल? तिनं स्वतःच्या नावाची कॅराओके केंद्रं काढली, तीही सहकुटुंब जाण्याजोगी. तेतेह सांगत होत्या, गेल्या ईदनंतर त्या सूननातवंडांना घेऊन तिथं गेल्या. आधी सून गायली, मग नातू, आणि मग माइक काही केल्या त्यांच्या हातून सुटेना.