सौम्य

मुंबईच्या एका स्नेह्याने परवा आंबागडचा किल्ला उतरल्यावर पायथ्याशी आमच्यापुढे सिगार धरला. "सौम्य आहे, रोज ओढावा असा, शिवाय फार महागही नाही." आम्ही ओढला. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच घोळवायचा, हे शिकायला थोडा वेळ लागला. कागद नाही, पानातच पान गुंडाळलेले. चव लाकडासारखी, किंचित गोड. खरोखर रुचकर!

आमच्या भंडाऱ्याला पानात तंबाखू वळण्याचे अप्रूप नाही. इकडे ते पान तेंदूचे. कायद्यानेही या दोघांना 1966 साली एकाच नावात बसवले : विडी आणि सिगार कामगार अधिनियम. स्वभाव मात्र निराळे. सिगार वाट पाहतो. विडीकडे क्षणभर दुर्लक्ष झाले की ती विझते. आणि विडी सौम्य मुळीच नव्हे. तंबाखू सिगारेटहून कमी, निकोटिन मात्र अधिक.

आमची आई विड्या वळत असे. रात्री पाने भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कातरायची, मांडीवरच्या सुपातली तंबाखू भरून दोरा बांधायचा. मजुरी हजारावर, वाईट निघालेल्या विड्या तिच्याच माथी. एम. ए.ची फी त्यातूनच भरली गेली. तिने आयुष्यात एकही विडी ओढली नाही, पण खोकला तिचा कधी गेला नाही.

"कसा वाटला?" स्नेह्याने विचारले.

"सौम्य आहे," आम्ही म्हणालो, आणि उरलेला अर्धा ओढत राहिलो.