माद्या निवडताना

फळमाशीच्या कामात सगळ्यात आधी शिकायचं ते तिच्या पोटाकडे बघायला. डोळ्यांचा रंग, पंखांची ठेवण हे नंतरचं. कार्बन डायऑक्साइडने गुंगी आलेल्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली पसरायच्या आणि तांदूळ निवडावेत तशा ब्रशच्या टोकाने एकेक बाजूला करायच्या. पोटाचं टोक बोथट आणि काळंभोर, तर नर. टोकदार आणि पट्ट्यापट्ट्यांचं, तर मादी. नुकत्याच कोषातून निघालेल्या माश्या मात्र सगळ्याच फिकट असतात. तेव्हा पुढच्या पायावरचा काळा, बारीक कंगवा शोधायचा. तो फक्त नराला असतो. आणि मादीच्या पोटात एक गडद ठिपका दिसतो का ते बघायचं. कोषात साठलेला मळ असतो तो. दिसला म्हणजे बाईसाहेब अजून कुणाला भेटलेल्या नाहीत.

२५ अंशांवर वाढवलेल्या माद्या कोषातून निघाल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात. एकदा समागम झाला की मादी नराचं बीज कित्येक दिवस साठवून ठेवते. मग आपण ठरवलेला बाप राहतो बाजूला, आणि वहीतल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. म्हणून फ्लाय रूममध्ये दिवसाची सुरुवात आणि शेवट माद्या निवडण्यात जातो. मक्याचं पीठ, काकवी आणि यीस्टचा वास कपड्यांना चिकटतो तो वेगळाच.

इथे न्यूझीलंडमध्ये ‘फ्रूट फ्लायवर काम करते’ असं म्हटलं की समोरचा आधी दचकतो. त्याला सांगावं लागतं की आमची ड्रॉसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यावरचं चिलट. ज्यांच्या धास्तीने ऑकलंड विमानतळावर कुत्री बॅगा हुंगतात त्या माश्या दुसऱ्या, धडधाकट फळात अंडी घालणाऱ्या. १९९६ साली ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये त्यांच्यातलीच मेडफ्लाय सापडली होती. २०१५ साली ग्रे लिनमध्ये क्वीन्सलँडची फळमाशी सापडली, तेव्हा परसातलं लिंबूसुद्धा त्या भागाबाहेर न्यायला बंदी झाली. गंमत अशी की टेहळणीच्या सापळ्यांतल्या आमिषाला नरच भुलतात. सापळ्यात सापडतो एक नर. झोप उडते ती न दिसलेल्या मादीच्या विचाराने.

नर-मादी ठरतात कशावरून, हे विद्यार्थ्यांना समजावायला मी जुनाच संकर लावायला देते: पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर. पांढऱ्या डोळ्यांचा पहिला नर टी. एच. मॉर्गनच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेत १९१० साली सापडला. डोळ्यांच्या रंगाचं हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. लेकाला एकच एक्स मिळतं, तेही आईकडून. म्हणून लेक सगळे पांढऱ्या डोळ्यांचे. लेकींना एक एक्स बापाकडून मिळतं, म्हणून त्या लाल डोळ्यांच्या. दहा-बारा दिवसांत बाटलीत हे डोळ्यांनी दिसतं.

मला खरा रस असतो तो साधारण २००० मागे एखाद्या भलत्याच माशीत: पांढऱ्या डोळ्यांची लेक किंवा लाल डोळ्यांचा लेक. विद्यार्थी ती ‘चूक’ म्हणून फेकायला निघतात. मॉर्गनच्याच प्रयोगशाळेतल्या कॅल्विन ब्रिजेसने या अपवादांचा छडा लावला आणि १९१६ साली ‘जेनेटिक्स’ नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात तो छापून आला. आईची दोन एक्स कधीकधी फारकत न घेता एकाच अंड्यात जातात. अशा अंड्याला बापाकडून वाय मिळालं तरी निपजते ती मादीच. आणि आईकडून एकही एक्स न आलेला, बापाच्या एका एक्सवर जगणारा जीव वायशिवायही नरच होतो, फक्त वांझ. म्हणजे ड्रॉसोफिलात वाय नर घडवत नाही. एक्स किती आहेत याची मोजदाद गर्भ करतो. दोन असली तर एक जनुक जागं होतं, ते पुढच्याला जागं करतं, आणि मादी घडत जाते.

नर-माद्या निवडण्याचं हे काम माशीवरच सोपवता येईल का? पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात यॉर्ग हाइनरिश आणि मॅक्स स्कॉट यांनी २००० साली ड्रॉसोफिलातच ते करून दाखवलं. अंड्यातला बलक घडवणारी प्रथिनं फक्त मादीत बनतात. ती बनवणाऱ्या जनुकाची कळ त्यांनी पेशी मारणाऱ्या जनुकाला जोडली आणि मध्ये टेट्रासायक्लिनचा अडसर ठेवला. खाद्यात औषध असेपर्यंत दोघंही जगतात. औषध काढलं की माद्या मरतात, नर उरतात.

हे मी गावी मावशीला सांगितलं, तर ती फटकन म्हणाली, “म्हणजे तिकडेही पोरीच मारता?” गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली ज्या राज्याला करावा लागला, तिथल्या बाईने दुसरं काय विचारावं! मी तिला कारण सांगितलं. फळं नासवणाऱ्या माश्यांचे नर किरणोत्साराने वांझ करून बागांत सोडतात. रानटी माद्या त्यांच्याशी जुगतात आणि अंडी फुटत नाहीत. सोबत वांझ माद्याही सोडल्या तर नर त्यांच्यातच गुंततात, शिवाय वांझ मादीही फळाला टोचे मारतेच. मावशीला ते पटलं, आवडलं नाही.

मेडफ्लायसाठी हीच निवड २००० सालाच्या आधीपासून, जनुक बाहेरून न घालता, निव्वळ सहलग्नतेच्या, म्हणजे एकाच गुणसूत्रावरची जनुकं जोडीने उतरण्याच्या, जोरावर होत आली आहे. कोषाला तपकिरी रंग देणारं जनुक आणि उष्णता सोसू देणारं जनुक असलेला गुणसूत्राचा तुकडा वायला जोडला. नरांचे कोष तपकिरी, माद्यांचे पांढरे. अंडी ३४ अंशांवर ठेवली की माद्या संपतात. मेख एवढीच की ड्रॉसोफिलाच्या नरात गुणसूत्रांची अदलाबदल होत नाही, पण मेडफ्लायच्या नरात ती क्वचित होते. आठवड्याला कोट्यवधी माश्या काढणाऱ्या कारखान्यात ‘क्वचित’ म्हणजे रोजचंच. जोडी तुटते, पांढऱ्या कोषातून नर निघतात, आणि काही पिढ्यांत वाण बिघडतं. म्हणून मूळ वाणाची छोटी वसाहत वेगळी राखतात. तिथे दर पिढीला कोष रंगावरून वेगळे करतात, आणि पांढऱ्यातून नर किंवा तपकिरीतून मादी निघाली तर माणूस ती पोटाकडे बघून बाजूला काढतो.