बसल्या जागी स्ट्राइक

हातवारे करून खेळायचे व्हिडिओ गेम का पडतात? पुण्यात एका गेमच्या दुकानात काउंटरमागे उभा असताना माझं उत्तर ठरलेलं होतं: "सेन्सर कच्चा आहे हो, काका. तो सुधारला की बघा!" हे उत्तर मी इतक्या ठामपणे देत असे की, गिऱ्हाईक सुधारित सेन्सरही घेऊन जाई. आज ते उत्तर मी मागे घेतोय. उशीर झालाय, मान्य आहे.

माझ्या बाजूने पुरावा होता. 2006 साली निन्टेंडोचा वी हा गेम कन्सोल आला आणि त्याच्याबरोबर युबिसॉफ्टचा 'रेड स्टील'. रिमोट म्हणजेच तलवार, असा सगळा थाट. प्रत्यक्षात तुम्ही हात कसाही फिरवा, पडद्यावरची तलवार आपले ठरलेले वार करी. हाताची हालचाल ओळखायला रिमोटात ॲक्सेलरोमीटर. हाताला हिसका बसला हे त्याला कळे, मनगट नेमकं किती वळलं ते कळत नसे. मग 2009 मध्ये रिमोटच्या बुडाला जोडायचं मोशनप्लस निघालं, त्यात जायरोस्कोप. 2010 च्या मार्चमध्ये आलेला 'रेड स्टील 2' तर त्याच्याशिवाय चालतच नसे. तलवार खरोखर हातासारखी फिरू लागली, समीक्षकांनीही तिचं कौतुक केलं. मी बाह्या सरसावून बसलो.

आणि गेम खपला नाही. नावं ठेवलेला, कच्च्या सेन्सरचा पहिला भाग त्याच्याहून जास्त विकला गेला होता! तरी मी बधलो नाही. जाहिरात कमी पडली, लोकांना तलवारबाजी नको असेल, वगैरे. कारणांना काय तोटा?

खरं उत्तर घरात दिवाणावर बसलेलं होतं. मामांनी अमेरिकेहून वी आणला होता. त्याचा अडॅप्टर तिकडच्या विजेचा, म्हणून पासोड्या विठोबाजवळून मी 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला. तो अजून गुणगुणतो. आईचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती 'वी स्पोर्ट्स'मधलं बोलिंग बसूनच खेळे. मनगटाला नुसता झटका, की दहाच्या दहा पिना आडव्या. मला राग यायचा. "आई, ही लबाडी आहे. उभी राहा, हात मागे ने." ती म्हणायची, "पिना पडल्या ना? मग झालं."

ज्या कच्चेपणाला मी दोष देत होतो, त्याच्याच जोरावर आई खेळत होती. ढोबळ सेन्सर चूक पोटात घालत होता. नेमका सेन्सर नेमकी हालचाल मागतो, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरी आणखी एक मास्तर नको असतो.

दुसरी गोष्ट दुकानदार असून मला दिसू नये, याची जास्त लाज वाटते. आईने तो गेम विकत घेतलाच नव्हता. जपान, कोरिया सोडले तर बहुतेक ठिकाणी 'वी स्पोर्ट्स' यंत्राच्या खोक्यातच मिळे. आठ कोटींच्या वर प्रती घराघरांत गेल्या त्या अशा. जपानमध्ये तो वेगळा घ्यावा लागे आणि तिथेही लाखांनी खपला, तेव्हा खेळ उत्तम होता यात शंका नाही. पण ज्यांना पाहुणे आल्यावर हात हलवायचे होते, त्यांची हौस तिथेच फिटली. "दुसरा आणू का?" असं मी आईला विचारलं, तर म्हणाली, "कशाला? हा आहे की."

महिन्याला गेम घेणारी पोरं वेगळी. त्यांच्या अंगठ्याला कंट्रोलरच्या काडीवर अर्धा सेंटिमीटर पुरतो आणि तीन तास खेळून खांदा दुखत नाही. 2007 च्या 'लेअर'मध्ये ड्रॅगन वळवायला अख्खा कंट्रोलर तिरका करावा लागे. पुढच्या वर्षी अपडेट देऊन काडीची सोय करावी लागली.

अख्खं अंग टिपणाऱ्या किनेक्ट सेन्सरच्या वेळी तर मी जाणूनबुजून खरं सांगितलं नाही. 2010 च्या नोव्हेंबरात तो आला आणि पहिल्या 60 दिवसांत 80 लाख नग खपले. एकट्याने खेळायला सेन्सरपासून सहा फूट, दोघांना आठ फूट अंतर लागे. वन बीएचकेच्या हॉलमध्ये आठ फूट म्हणजे सोफा बाल्कनीत. गिऱ्हाइकाने जागेचं विचारलं की मी म्हणायचो, "टीपॉय जरा सरकवा, होतं." टीपॉय एकदा सरकतो, दोनदा सरकतो. रोज कोण सरकवणार? मग अशा घरात पुढचा गेम कोण घेणार?

माझ्या या नव्या मताला 'रिंग फिट ॲडव्हेंचर'ने जरा धक्का दिला. 2019 चा हा गेम दीड कोटीच्या वर खपला, तोही घाम काढणारा. पण त्यातली रिंग दाबली की उलट दाबते, हाताला काहीतरी लागतं. शिवाय घेणाऱ्याला व्यायामच हवा असतो, बटणाऐवजी हातवारा नको असतो.

मागच्या दिवाळीत माळ्यावरून वी काढला. मी उभा राहिलो, पाय पुढे टाकला, हात नीट मागे नेला. 121. आई दिवाणावरून उठलीसुद्धा नाही. 168.