रॉकेटवाल्यांची पहिली डिग्री

सतीश धवन इंग्रजी साहित्यात एम.ए. होते! श्रीहरिकोट्याच्या अंतराळ केंद्राला ज्यांचं नाव आहे, तेच धवन. लाहोरला पंजाब विद्यापीठात आधी गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.ए., मग इंग्रजीत एम.ए., मग १९४५ साली मेकॅनिकलची बी.ई. विमानशास्त्र त्यानंतर, अमेरिकेत गेल्यावर. हे कळल्यापासून मी दिसेल त्याला धरून सांगते आहे. घरातले आता मला बघून मोबाईल काढतात.

निमित्त भाचीचं. ती सांगलीला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला एअरोस्पेसमध्ये एम.टेक. करायचंय. घरच्यांनी निकाल देऊन टाकला होता, की बारावीनंतरच त्या शाखेला जायला हवं होतं, आता कसलं विमान. म्हटलं, नियम काय आहेत ते तरी बघू. बघायला बसले आणि उठायचं भानच राहिलं नाही!

अब्दुल कलाम आधी तिरुचिरापल्लीला भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, मग मद्रासच्या एमआयटीत विमानशास्त्राला गेले. के. सिवन गणिताचे बी.एस्सी. तेही पुढे त्याच एमआयटीत, नंतर बंगलोरला, आणि पीएच.डी. २००६ साली आपल्या पवईच्या आयआयटीतून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर! चंद्रयान-३ उतरलं तेव्हा इस्रोचे अध्यक्ष असलेले सोमनाथ तर चक्क मेकॅनिकलवाले. कोल्लमच्या कॉलेजातून मेकॅनिकल केलं आणि मग आयआयएस्सीतून एअरोस्पेसची पदव्युत्तर पदवी घेतली. ‘बघ, तुझीच वाट,’ मी भाचीला म्हटलं.

आणि कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे! हे नाव मला शाळेत कुणी का सांगितलं नाही? जर्मनीत ग्योटिंगेनला थेट लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. आज विमानशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात ज्यांची ‘बाउंडरी लेयर’ भेटते, ते हे प्रांटल. आयआयएस्सीत विमानशास्त्राचा विभाग १९४२ साली सुरू झाला, तेव्हा तिथे सुरुवातीला शिकवणाऱ्यांत घाटगे होते. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान त्यांच्या देखरेखीखाली एचएएलमध्ये आखलं गेलं. आपल्याकडे मात्र विमान म्हटलं की लोक पुराणातल्या पुष्पकावर तासभर बोलतील आणि घाटगे म्हटलं की ‘कोण?’ विचारतील.

मग भाचीने एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेच्या एअरोस्पेस पेपरचा अभ्यासक्रम उघडला. गणित, फ्लाइट मेकॅनिक्स, स्पेस डायनॅमिक्स, एअरोडायनॅमिक्स, स्ट्रक्चर्स, प्रोपल्शन. शेजारी तिने स्वतःची दुसऱ्या वर्षाची वही ठेवली आणि बोट फिरवत खाली यायला लागली. मध्येच ओरडली, ‘आत्या, अगं पंख म्हणजे कँटिलिव्हर बीमच आहे की!’ एक टोक धडाला घट्ट, दुसरं मोकळं, आणि हवा खालून उचलतेय. त्यामुळे मुळाशी सगळ्यात जास्त वाकवणारा जोर. तिच्या वहीत तीच आकृती होती, फक्त बाण वरून खाली. जेट इंजिनाचं ब्रेटन सायकल? थर्मोडायनॅमिक्सच्या वहीत, पेन्सिलीने काढलेलं. पंखाच्या उचलीचं सूत्र तिने मला फोड करून दाखवलं. त्यात वेगाचा वर्ग येतो, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून वेग दुप्पट केला तर उचल चौपट! मी कॉमर्सची, पण त्या क्षणी मला धावपट्टीवर इतका वेळ पळणाऱ्या विमानाचं कोडं सुटलं. नवं होतं ते कक्षांचं गणित आणि विमानाच्या स्थैर्याचं प्रकरण. तेवढं तिला मुळापासून शिकावं लागेल.

नियमही वाटले होते तितके आडमुठे नाहीत. पवईत एअरोस्पेसच्या एम.टेक.ला एअरोडायनॅमिक्स, डायनॅमिक्स अँड कंट्रोल, प्रोपल्शन आणि स्ट्रक्चर्स अशा चार वाटा आहेत आणि मेकॅनिकलवाल्यांना तिथे अर्ज करता येतो. गेटला आता दोन पेपर देता येतात, मेकॅनिकलच्या जोडीला एअरोस्पेसचाही. तिसऱ्या वर्षात असतानाही परीक्षेला बसता येतं, हे ऐकून ती गप्पच झाली. आता सबब उरली नव्हती. इस्रोच्या अभियंता भरतीच्या मोठ्या जाहिराती तर मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सच्याच असतात. तिथे ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए लागतो. म्हणजे अडवणारी गोष्ट शाखा नाही, मार्क आहेत.

बारावीनंतर थेट एअरोस्पेसला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि जेईई. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ संस्थेला जेईई अ‍ॅडव्हान्स्डच लागते, आणि प्रवेशप्रक्रिया आयआयटीपेक्षा वेगळी असते. अर्जही वेगळा भरायचा, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

शेजारच्या काकूंनी विचारलंच, ‘म्हणजे पायलट होणार का?’ नाही हो काकू. पायलटला डीजीसीएचं लायसन्स लागतं. विमान दुरुस्त करून ‘उडायला हरकत नाही’ अशी सही करणाऱ्या एएमईलाही डीजीसीएचंच, पण वेगळं लायसन्स. विमान आखणाऱ्याला इंजिनिअरिंगची पदवी. एएमईच्या जाहिरातीतला ‘इंजिनिअर’ शब्द बघून बी.टेक. समजून पैसे भरू नका. काम उत्तमच आहे, पण ती पदवी नव्हे. आणि अमेरिकेची स्वप्नं बघणाऱ्यांनो, तिथल्या रॉकेट कंपन्यांतल्या बहुतेक नोकऱ्या निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळे नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात. डिग्री कितीही भारी असो. कर्ज काढण्याआधी हे वाचा.

तुमच्या घरी कुणी मेकॅनिकल, सिव्हिल किंवा इलेक्ट्रॉनिक्सला असेल आणि आकाशाकडे बघून उसासे टाकत असेल, तर त्याला गेटचा एअरोस्पेसचा अभ्यासक्रम आणि त्याच्या स्वतःच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवायला सांगा. मग त्या-त्या संस्थेचं यंदाचं माहितीपत्रक वाचा, गेल्या वर्षीचं नको. अटी बदलत असतात.