सांडलवंड

दहा महिन्यांचं मूल जेवून उठल्यावर भाताची शितं कुठे कुठे सापडतात याची यादी मी एकदा करायला घेतली होती. कानामागे, गळ्याच्या वळीत, खुर्चीच्या पट्ट्यात, माझ्या केसांत आणि बाबाच्या लॅपटॉपच्या किबोर्डातसुद्धा! शेवटी यादीच सोडून दिली. :)

आमच्या ठमाबाई आठव्या महिन्यापर्यंत नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात असं सगळं शहाण्यासारखं खायच्या. मग बोटांच्या चिमटीत शीत धरता यायला लागलं आणि आम्ही भरवणारे एकदम बिनकामाचे झालो. चमचा दिसला की तोंड फिरवायचं आणि हात थेट वाटीत! त्यापुढचा खेळ म्हणजे उकडलेल्या भोपळ्याची फोड खाली टाकायची, वाकून बघायचं, माझ्याकडे बघायचं... आणि दुसरी टाकायची.

हा हट्ट नाही, खोडीही नाही. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांचं अगदी बारीक निरीक्षण करून ठेवलंय. त्याचा मुलगा दहा महिन्यांचा असताना पावाचे तुकडे तोडून पुन्हा पुन्हा खाली सोडायचा, असं त्याच्या १९३६ सालच्या पुस्तकात आहे. मूल बघत असतं, की सोडल्यावर वस्तूचं होतं काय. म्हणजे आमच्याकडे रोज दोन वेळा प्रयोगशाळा भरते, फक्त झाडलोट माझ्याकडे.

सल्ले भरपूर मिळतात. "हात धरून ठेव", "मोबाईल लाव समोर, वाटी कधी संपली कळणारही नाही." पण कळणारच नाही, हीच तर अडचण आहे ना? पोट भरलं हे तिचं तिला कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, की मुलाला भूक आहे की पोट भरलंय हे त्याच्या खुणांवरून ओळखा आणि त्याला आपल्या हाताने खाऊ द्या. तेव्हा आम्ही शेजारी बसतो, तिला ताठ बसवतो, शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षं असलं घशात अडकणारं काही देत नाही. बाकी कारभार तिचा.

खरा पेच वेगळाच होता. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, १९७२च्या दुष्काळात दहा वर्षांच्या होत्या. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि येताना सुकडी आणायची. घरात रेशनवरची लाल मिलो ज्वारी. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी कुणाला आवडायची नाही, पण कण टाकायची कुणाची प्राज्ञा नव्हती. ठमीचं जेवण झालं की आई खाली बसून एकेक शीत वेचायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "अगं, तुझं बरोबर असेल, पण मला नाही गं बघवत."

त्या रागावल्या असत्या तर मी वाद घातला असता. "बघवत नाही" याला काय उत्तर देणार?

मग आम्ही दोघींनी मिळून एक पद्धत बसवली. ताटलीत एका वेळी दोनच घास. ते संपले की आणखी दोन. खाली धुतलेली जुनी सुती साडी. त्यावर पडलेलं आई गोळा करून गॅलरीत पाखरांना ठेवतात. टाकणं फार वाढलं की बहुतेक वेळा पोट भरलेलं असतं. तेव्हा "झालं?" एवढंच विचारून ताटली उचलायची. ओरडायचं नाही आणि हसायचंही नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही बक्षिसंच!

सांडणं थांबलंय का? छे! पण आता मूठभर सांडतं, वाटीभर नाही.

अन्न टाकू नये हे ठमीला शिकावं लागेलच. फक्त ते दहाव्या महिन्यात डोळे वटारून शिकवता येत नाही. सध्या ती एवढंच शिकतेय, की आपला हात आपल्या तोंडापर्यंत पोचतो. पुढचं शिक्षण आजीकडे. आजी पाखरांना शितं ठेवायला जाते तेव्हा ठमी खुर्चीतून मान वळवून तिकडे टक लावून बघत असते, हे मी पाहिलंय.