निशाणी अंगठा

आजीच्या पत्र्याच्या पेटीत सोसायटीच्या कर्जाचे कागद असायचे. प्रत्येक कागदाच्या तळाशी जांभळ्या शाईचा ठसा, शेजारी तिचं नाव आणि 'नि. डा. हा. अं.' अशी तुटक अक्षरं. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वाचायला शिकले तेव्हा मी आधी त्या सह्याच वाचायचे, कारण ती माणसं रोजच्या ओळखीची होती. एक आमच्या बोळातले सुतार, दुसरे शाळेतले गुरुजी.

ठसा घेण्याआधी सचिव कागद वाचून दाखवायचे. आजी मध्येच अडवायची. "किती म्हणालात? परत सांगा." ते परत सांगायचे. तिची खात्री पटली की मग अंगठा पॅडवर दाबून कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलकेच फिरवायचा. उरलेली शाई ती डोक्याच्या केसांना पुसायची आणि पदर सावरून घरी यायची. सगळीकडे असंच सरळ चालत होतं, असं मी म्हणणार नाही. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन जमिनी लाटल्याच्या गोष्टी आमच्या भागात घरोघरी आहेत. पण निदान रीत अशी होती की अंगठ्याशेजारी आणखी कुणी तरी नावानिशी उभं राहायचं.

निशाणीची रीत अंगठ्याहूनही जुनी. मराठेशाहीतल्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, कुणबी माणसाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असायचं आणि छोटासा नांगर काढलेला असायचा. ज्याचं जे हत्यार, ती त्याची निशाणी. हाताच्या ठशाचा सरकारी वापर पुढे बंगालात सुरू झाला. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता, पण ती ओळखली जाते एडवर्ड हेन्री या त्यांच्या साहेबाच्या नावाने.

मला मात्र या सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते आपल्याकडे घडलेलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांना हवी होती ती कर्जखतं. पुढे गावोगाव तीच मागून घेतली आणि जाळली. न वाचता येणाऱ्या कागदावर आपली निशाणी घेऊन आपल्यालाच बांधून टाकलंय, हा तो राग होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत अशी तरतूद होती. म्हणजे निशाणी देणाऱ्याला आपण काय कबूल करतोय ते कळलं पाहिजे, आणि ते कळलंय याला कुणी तरी जबाबदार माणूस असला पाहिजे, हे परक्या सरकारलाही मान्य करावं लागलं.

आई अंगठ्यातून सुटली ती ग्राम शिक्षण मोहिमेत. १९५९ मध्ये साताऱ्यात ही मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. दिवसभराची कामं उरकून बाया देवळात जमायच्या, शाळेचे शिक्षकच शिकवायचे. आमचे वडील त्या शिक्षकांतले एक, आणि आई त्यांच्याच वर्गात पाटी घेऊन बसलेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आमच्या गावचा झाला त्या दिवशी आईने आपलं पूर्ण नाव फळ्यावर लिहिलं, असं वडील सांगायचे. तिची सही आजही तशीच आहे. शाळकरी, गोल, प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र रेघ दिलेली. बँकेत, तलाठ्याकडे, आमच्या प्रगतिपुस्तकावर तिने कधी घाईत सही केल्याचं मला आठवत नाही. आधी वाचायची, मग लिहायची.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार क्रमांकपत्रं दिली गेली. ज्या माणसाकडे कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल, हे तेव्हा ऐकून मला खरोखर बरं वाटलं होतं. आणि अनेकांना ती मिळालीही. पण हळूहळू रेशनला, पेन्शनला, सिमकार्डाला, बँकेत सगळीकडे 'थंब लावा' सुरू झालं. वर्गात बसून ज्या बाया अंगठ्यातून सुटल्या होत्या, त्यांना म्हातारपणी पुन्हा अंगठा पुढे करायला लागला.

आमच्या शेजारच्या आक्कांनी निम्मा जन्म बांधकामावर घमेली वाहिली. आता खुरपायला जातात. बोटांच्या टोकावरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच घडतात आणि आयुष्यभर बदलत नाहीत हे खरं, पण सिमेंट, चुना, राख आणि रोजची घासाघीस त्या झिजवते. वय वाढलं की कातडी कोरडी आणि सैल होते, मग उरलेल्या रेषाही काचेवर नीट उमटत नाहीत. म्हणजे ज्याने हातांनी जास्त कष्ट केले, त्यालाच यंत्राने नाकारण्याची शक्यता जास्त. गेल्या उन्हाळ्यात मी आक्कांबरोबर रेशनच्या दुकानात होते. दुकानदार त्यांच्या चुलत दिराचा मुलगा. त्याच्या लग्नात हळदीचं जातं आक्कांनीच ओढलेलं.

"काकू, थंब घेईना. दुसरं बोट लावा."

दुसरं लावलं. त्याने शर्टाच्या टोकाने काच पुसली. "केसातनं फिरवून लावा बघू." तेलकट बोटाचा ठसा बरा उमटतो, हे एव्हाना प्रत्येक दुकानात माहीत झालंय. आक्कांनी बोट भांगात घासलं आणि काचेवर दाबलं, इतकं जोरात की नख पांढरं पडलं. यंत्राने परत नकार दिला. ओटीपी पाठवावा तर मोबाइल मुलाकडे, आणि मुलगा चाकणला कामावर. "उद्या या काकू, सर्व्हर पण स्लो आहे." उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला. जन्मापासून ओळखणारा पुतण्या समोर बसलेला, मागे रांगेत सगळी भावकी उभी, आणि या आक्काच आहेत असं सांगायचा अधिकार तिथे एकालाही नव्हता. मला त्या दिवशी जो संताप आला तो याचा.

नियम असे निर्दय नाहीत, हे मी नंतर शोधून काढलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने परिपत्रक काढलं होतं. बोट जुळलं नाही तर डोळ्याची बुबुळं, तेही नसेल तर ओटीपी, आणि काहीच चाललं नाही तर अपवाद म्हणून नोंदवहीत नोंद करून लाभ द्यावा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सरकारने हमी दिली की प्रमाणीकरण फसलं म्हणून कुणी पात्र माणूस वंचित राहणार नाही. दुकानदाराला मी त्या वहीबद्दल विचारलं. त्याने असं काही पाहिलं नव्हतं. वर चौकशी करावी तर हेल्पलाइनवर एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी आपला कॉल महत्त्वाचा असल्याचं सांगणारं तेच संगीत.

आणि ज्यांच्या बोटांच्या रेषा शाबूत आहेत, त्या आपण तरी काय करतो? नवा फोन घेतला, एखादं ॲप घातलं, बातमी वाचायला साइट उघडली, की बारीक इंग्रजीत पानंच्या पानं येतात आणि खाली 'सहमत' असतं. अंगठा दाबून आपण पुढे जातो. माझी एम.ए.पर्यंत शिकलेली बोटं तेच करतात. आपला पत्ता, आपले फोटो, आपण कुठे किती वेळ थांबलो, हे कुणाला दिलं याची आपल्याला कल्पना नसते. सुप्याच्या शेतकऱ्यांनी जाळली ती खतं त्यांना वाचता येत नव्हती. ही आपल्याला वाचता येतील, पण वाचली जाऊच नयेत अशा बेताने लिहिलेली असतात. 'किती म्हणालात, परत सांगा' असं म्हणायला समोर माणूस नाही.

नोव्हेंबरात आईला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं. वडील गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर घरबसल्याही काढता येतो, आणि ज्यांची बोटं जुळतात त्यांची त्यामुळे मोठी सोय झालीय. आईची जुळत नाहीत. काउंटरवरचा मुलगा अदबीने म्हणाला, "आजी, अंगठा ठेवा इथे."

"मला सही येते, बाळा."

"सही नाही चालत आजी, मशीनवर थंबच लागतो."

आईने हात पदराखाली घेतला. "माझे मालक शिक्षक होते. मी सहीच करणार."

मी मॅनेजरना भेटले. कागदी दाखला आजही चालतो. त्यांनी ते लगेच मान्य केलं, स्वतः उठून कपाटातून फॉर्म काढून दिला. आईने चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला. मागची रांग खोळंबली तरी ती थांबली नाही. मग सही केली. ते पाहून रांगेतल्या दोघींनी विचारलं, आम्हाला पण हाच मिळेल का? फॉर्म संपले होते. तो मुलगा झेरॉक्स काढायला धावला.

त्याच आठवड्यात मी दोन अर्ज टाकले. एक बँकेत, नोव्हेंबरभर हे फॉर्म काउंटरवरच ठेवावेत आणि तशी मराठीत पाटी लावावी म्हणून. दुसरा तहसीलच्या पुरवठा शाखेत, प्रत्येक दुकानात अपवादाची नोंदवही हवी आणि ओळख पटवायला गावातल्या दोघा माणसांची सही चालावी म्हणून. बँकेने पाटी लावली. पुरवठा शाखेकडून अजून फक्त पोच आलीय. पुरवठा निरीक्षक पुढच्या महिन्यात दुकानाच्या तपासणीला येणार आहेत असं कळतं. त्या दिवशी आक्का खुरपायला जाणार नाहीत, आणि मीही त्यांच्याबरोबर दुकानात असेन.